पोटावर बांधलेली नागली

मित्रांनो, जरा वर बघा. अंगणवाडीच्या वाशाला दोरी आहे, दोरीला आकडा आहे, आणि त्या आकड्याला लटकलेला, पिवळट पडलेल्या गोल तोंडाचा तो गडी म्हणजे मी. मी एक जुना वजनकाटा आहे. अलीकडेच माझ्या जागी एक चपटं, आकडे चमकवणारं यंत्र आलं. येऊ दे बापडं, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण भंगारात जायच्या आधी मी एक गोष्ट सांगणारच आहे. मला एकदा खोटा ठरवलं गेलं, आणि पुढच्याच महिन्यात माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं गेलं. त्याचा राग माझ्या स्प्रिंगेत अजून शिल्लक आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात स्प्रिंग, तोंडावर काच, काचेमागे एक सुई. पाच किलो लावले तर पाच म्हणायचं, दहा लावले तर दहा. त्यापुढे शहाणपणा करायचा नाही, एवढंच माझं शिक्षण. मग मी मुरबाडला आलो, आणि तिथून एस.टी.ने सिद्धगडाच्या पायथ्याकडे. डांबरी रस्ता संपला तिथे मीनाताई मला घ्यायला उभी होती. ती या वाडीचीच लेक, नुकतीच अंगणवाडीसेविका झालेली. तिने मला फडक्यात गुंडाळलं, पाटीत ठेवलं आणि डोक्यावरून वाडीत आणलं. पोरंटोरं मागे धावत होती. नवरदेवाचा थाट होता माझा!

तेव्हापासून दर महिन्याला माझा एक दिवस ठरलेला. मीनाताई आधी रिकामी झोळी माझ्या आकड्याला अडकवायची, बाजूचा स्क्रू फिरवून सुई बरोबर शून्यावर आणायची. "आदी शून्य, मग पोर," असं ती म्हणायची. मग लेकराला त्या झोळीत बसवायची. झोळीला खाली दोन भोकं, त्यातून दोन पाय बाहेर. पोरं हंबरडा फोडायची, लाथा झाडायची, आणि कितीतरी जणांनी वरून खाली धार सोडून माझा सत्कार केला आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सुई थांबली की आया श्वास रोखून माझ्याकडे बघायच्या. मीनाताई तक्त्यावर ठिपका मांडायची. हिरव्या पट्ट्यात पडला तर आई हसायची. पिवळ्यात पडला तर लेकराला पोटाशी धरायची. लाल पट्ट्यातला ठिपका मांडताना मीनाताईची पेन्सिल जड व्हायची.

आता मनस्वीची गोष्ट. मनस्वी तेरा महिन्यांची झाली तेव्हा माझी सुई सहा किलो नऊशेवर थांबली. पिवळा पट्टा. तिची आई हर्षाली, विशीतली, अबोल पोरगी. मीनाताई तिला म्हणाली, "दिसातून पाच वेळा भरव गो. नागलीची पेज कर, तिच्यात चमचाभर तेल सोड. डाळ मऊ शिजव. जमंल तवा अंडं दे. थोडं थोडं, पन सारखं सारखं."

तुम्ही जिला नाचणी म्हणता तिला इथे नागली म्हणतात. हर्षालीच्या घरी नागलीची कणगी भरलेली होती. हर्षालीने मान डोलावली आणि चार दिवस तसं केलंही. पाचव्या दिवशी तिचा नवरा सुदाम पुडीचा एक डबा घेऊन घरी आला.

सुदाम आसनगावला एका दुकानात कामाला होता. वाईट माणूस नव्हता तो. लेकीवर त्याचा जीव होता. पण दुकानातले लोक त्याच्या जेवणाच्या डब्यातली नागलीची काळी भाकर बघून हसायचे, आणि ते हसू त्याला टोचायचं. "नागली खाऊन पोरगी काळी नि किडकिडीत ऱ्हाईल," असं त्याच्या मनाने घेतलं. अशात त्याला पूड विकणारा एक साहेब भेटला. साहेबाकडे अर्ध्या किलोचा हिरवा डबा होता. त्यावर इंग्रजी अक्षरं आणि गुबगुबीत बाळाचं चित्र. ही पूड म्हणजे सुपरफूड, तीन महिन्यांत बाळ ओळखू येणार नाही, असं साहेब सांगायचा. पी हळद अन् हो गोरी! साहेबाने सुदामला आणखीही एक आमिष दाखवलं. स्वतःच्या घरचं पोर तीन महिन्यांत बाळसेदार करून दाखव, मग या भागातल्या सगळ्या वाड्यांत डबे विकणाऱ्यांचा प्रमुख तूच.

आणि मित्रांनो, त्या डब्यात होतं काय? चिया नावाचं बी, किनवा नावाचं धान्य, आणि सगळ्यात जास्त, शेवग्याच्या वाळवलेल्या पाल्याची पूड. अंगणवाडीच्या मागे शेवगा उभा आहे. त्याचा पाला वाडीतल्या शेळ्या खातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तरी पूड वाईट नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. चूक वेगळीच झाली. साहेब म्हणाला होता, "हे दिलं की बाळाला बाकी काही लागत नाही." त्यामुळे सुदामने सकाळची पेज बंद केली, दुपारचा मऊ भात बंद केला. दिवसातून तीन वेळा, पाण्यात कालवलेली एकेक चमचा पूड. लेकराच्या पोटात जाऊन जाऊन जाणार किती? हर्षाली एकदा म्हणालीही, "पोर भुकेनं रडतंय ओ." त्यावर सुदाम म्हणाला, "औषध लागू पडतंय, म्हनून रडतंय."

पुढच्या महिन्यात माझी सुई सहा किलो आठशेवर थांबली.

सुदाम माझ्याकडे बघतच राहिला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "काटा बिघडलाय ताई. जुना झालाय."

नाचता येईना, अंगण वाकडं! मीनाताईने वाद घातला नाही. तिने पाच लिटरचा कॅन काठोकाठ भरला आणि माझ्या आकड्याला लावला. मी पाच किलो आणि वर कॅनचं वजन, बरोबर तेवढंच सांगितलं. सुदाम म्हणाला, "पानी बरोबर दावतो, पोर बरोबर नाय दावत." आणि जाता जाता पुटपुटला, "काय लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाय." मीनाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आकड्याला लटकलेल्या कितीतरी पोरांना तिने घरोघरी जाऊन भरवलं होतं. तिला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि मला गप्प राहावं लागलं.

तिसऱ्या महिन्यात साहेब स्वतः वाडीत आला. थंडीचे दिवस होते. अंगणवाडीच्या ओट्यावर हिरवं बॅनर लागलं. डब्यांचा मनोरा रचला गेला. वाडीतल्या बायका लेकरं घेऊन जमल्या. मनस्वीचं वजन सगळ्यांसमोर व्हायचं होतं, आणि ते वाढलेलं दिसलं की घराघरांत पेजेऐवजी डबा जाणार होता. साहेबाने मोबाइल काठीवर लावून चित्रीकरण सुरू केलं.

मनस्वीला तिची आजी बुधी घेऊन आली. लेकराच्या अंगात गोधडीसारखं जाड, दुहेरी कापडाचं अंगडं होतं. मीनाताई नेहमी कपडे काढूनच वजन करते. तिने अंगड्याला हात घातला तशी बुधी घाईने म्हणाली, "थंडी हाय गो मीना. ऱ्हाऊ दे अंगात."

साहेबही म्हणाला, "राहू द्या ताई, आटपा लवकर."

माझी सुई शून्यावर आली. मनस्वी झोळीत बसली. आणि मी म्हणालो, सात किलो दोनशे!

टाळ्या पडल्या. सुदाम उभ्या उभ्या नाचायचाच बाकी होता. "बघा! काटा सुधारला!" असं तो ओरडला आणि बायका डब्यांच्या मनोऱ्याकडे सरकल्या. माझ्या मनाची मात्र तगमग होत होती. मी जन्मभर लेकरं तोलली आहेत. लेकराचं वजन जिवंत असतं, पाय हलले की सुई थरथरते. मनस्वीच्या वजनातला काही भाग मुळीच हलत नव्हता. तो मेल्यासारखा खाली लोंबत होता. मला ते कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. माझी सुई जे लागलं तेच दाखवत होती, आणि तरीही मी खोटं बोलत होतो.

मनस्वीला गर्दी सहन होईना. तिने किंचाळून दोन्ही पाय झाडले. अंगड्याची शिवण कुठेतरी उसवली आणि झोळीच्या भोकातून, तिच्या पायावरून, फरशीवर काहीतरी सरसरत सांडायला लागलं. तांबूस, मोहरीसारखे बारीक दाणे. नागली!

दाणे सांडत होते आणि माझी सुई मागे येत होती. सात किलो शंभर. सात. सहा नऊशे. टाळ्या थांबल्या. सहा आठशे. सहा सातशे. शेवटची मूठ सांडली आणि सुई सहा किलो सहाशेवर थरथरत थांबली. मनस्वीचं खरं वजन एवढंच होतं, तेही अंगड्यासकट. लाल पट्टा.

"मोबाइल बंद करा," साहेब म्हणाला.

"बंद नका करू!" असा आवाज आला. तो हर्षालीचा होता. इतक्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. तिने मनस्वीला झोळीतून काढून छातीशी धरलं आणि अंगडं उलटं करून दाखवलं. आतून कमरेभोवती पट्टीसारखी पिशवी शिवलेली होती. "दावा सगळ्यांना. जी नागली माज्या पोरीच्या पोटात जायची, ती तिच्या पोटावर बांदलीय. घरात कनगी भरलीय नि पोर भुकं मरतंय!"

बुधी पुढे आली. "मीच शिवली गो. सुदामची फजिती व्हईल, लोक हसतील त्याला, म्हनून शिवली. लेकाचं बघितलं, नातीचं नाय बघितलं."

साहेब मोठा हुशार. त्याने दाण्यांकडे बघितलं आणि लगेच सूर बदलला. "नाचणी तर फारच उत्तम! नाचणीही सुपरफूडच आहे. पुढच्या डब्यात आपण तीही घालणार आहोत."

तेव्हा मीनाताई उठली. तिला एवढी तापलेली मी त्याआधी बघितली नव्हती. "सायब, आमच्या नागलीला सुपर म्हनू नका. काय गरज नाय तिला. नुस्ती नागली खाऊन पन पोर वाढत नाय. तिच्यात तेल पायजे, डाळ पायजे, अंडं पायजे, सुकट पायजे, पाला पायजे. नि दिसातून पाच वेळा मांडीवर घेऊन भरवनारं मानूस पायजे. ते हाय का तुमच्या डब्यात?"

साहेबाने डब्यांचा मनोरा खोक्यात भरला, बॅनर गुंडाळलं आणि गाडीकडे चालू लागला. एकाही बाईने डबा घेतला नाही.

सुदाम भिंतीला टेकून उभा होता. मग तो खाली बसला आणि फरशीवरची नागली दोन्ही हातांनी गोळा करायला लागला. बुधीने सूप मागून ती पाखडली. मीनाताईने चूल पेटवली. अंगणवाडीत नागलीचं दळलेलं पीठ होतंच. पेज शिजली, तिच्यात तेल पडलं, मागच्या शेवग्याचा कोवळा पाला पडला. हर्षालीने फुंकर घालून पहिला घास दिला. मनस्वीने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि सोडेचना. सुदामने तोंड फिरवून डोळे पुसले. मग वर बघून मला म्हणाला, "तू बरोबर होतास रे." माझ्या साऱ्या नोकरीत माणसाने माझी मागितलेली ही एकच माफी.

दुसऱ्याच दिवशी मीनाताई मनस्वीला आणि हर्षालीला घेऊन मुरबाडला डॉक्टरकडे गेली. लाल पट्ट्यातलं लेकरू नुसत्या पेजेवर सोडायचं नसतं. पोटात जंत निघाले, त्यावर औषध झालं. घरी पाच वेळा भरवणं सुरू झालं, आणि त्यातल्या एका वेळी सुदाम भरवायचा. उरलेली पूडही कोणी फेकली नाही. अन्नच ते. चमचाभर पेजेत पडली आणि संपली. पुढच्या महिन्यात सहा किलो आठशे. मग सात शंभर. मग सात पाचशे, अंगावर एकही कपडा नसताना! त्या दिवशी मनस्वीने मला मनसोक्त भिजवलं. त्याहून मोठा सत्कार मला नको.

मित्रांनो, तुमच्या घरीही असा एखादा डबा येईल. खायचा तर खुशाल खा. पण त्याच्यासाठी ताटातली भाकर, डाळ, भाजी उठवू नका, आणि लेकराचं भुकेचं रडणं कोणी औषधाचा गुण म्हणून खपवायला लागला तर ऐकून घेऊ नका. उद्या मला भंगारात टाकतील. टाका. मी रडत जाणार नाही, माझी सुई अजून शून्यावर येते.

काल बुधी घरची नागली आणि ती ठेवायला तो रिकामा हिरवा डबा घेऊन अंगणवाडीत आली होती. मनस्वी तिचं बोट धरून आपल्या पायांनी चालत होती. बुधीने डबा नागलीने भरला, माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या आकड्याला अडकवला. "सांग रे बाबा, किती सुपर हाय ह्यो?"

मी सांगितलं, अर्धा किलो आणि वर पत्र्याचं वजन. मग तिने डबा काढला आणि नात उचलून झोळीत बसवली. माझी सुई थरथरली आणि वर, वर, वर गेली.