हिरवा रणगाडा, तांबडा रणगाडा

मित्रांनो, माझ्या अंगावरचे ओरखडे बघून हसू नका. टीव्हीला जोडून खेळायचा जुना व्हिडिओ गेम आहे मी, आणि उभ्या आयुष्यात मारामारीखेरीज दुसरं काही केलेलं नाही. एक हिरवा रणगाडा, एक तांबडा, मधे चार भिंती. समोरच्याचा चेंदामेंदा करायचा, एवढाच माझा धंदा. आजकालच्या खेळांत रक्तसुद्धा खरं वाटतं म्हणे. माझ्याकडे नुसते चौकोन होते, तरी लोक तहानभूक विसरायचे.

कारखान्यातून निघून फिरत फिरत मी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या घरी आलो. त्याला दोन मुली होत्या, थोरली बारा वर्षांची आणि धाकटी नऊची. शाळेतून आल्या की दप्तरं भिरकावून दोघी माझ्यावर तुटून पडत. थोरली कायम हिरवी, धाकटी कायम तांबडी. ढकलाढकली, चिमटे, झिंज्या उपटणं रोजचंच. शेजारीण वैतागून खिडकी लावून घ्यायची. मला मात्र ते दिवस फार आवडायचे, खोटं कशाला बोलू?

एकदा आईने टेबल पुसताना माझ्या दोन्ही जॉयस्टिकच्या वायरी काढल्या आणि परत लावताना त्यांची अदलाबदल झाली. मुलींना हे ठाऊक नव्हतं. खेळ सुरू झाला तर थोरलीचा हिरवा रणगाडा तिचं ऐकेना. तो भिंतीवर आपटत राहिला आणि पटापट गोळे खाऊ लागला.

"तू वायरी बदलल्यास," थोरली म्हणाली.

"नाही गं ताई, आईशप्पथ."

"खोटारडी."

तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि धाकटीच्या तोंडावर हाणलं. माझा कोपरा तिच्या डाव्या डोळ्यात घुसला. रक्त माझ्या बटणांच्या फटींत उतरलं. ते चौकोनी नव्हतं.

डोळा वाचला नाही. बापाने मला कामाच्या टेबलावर ठेवून हातोडा उगारला, तेव्हा पट्टी बांधलेली धाकटी आडवी आली. "बाबा, फोडू नका. मला अजून हिला हरवायचंय." आईने रडत रडत वायरींचं खरं सांगितलं. त्या दिवसापासून थोरली रोज हरू लागली.

पुढे दोघी नोकऱ्यांना लागल्या, संसारात गुंतल्या, आणि मी तीस वर्षं धाकटीच्या घरी माळ्यावर पडून राहिलो. गेल्या महिन्यात थोरली राहायला आली, तशी धाकटीने मला खाली काढलं, पुसलं, जोडलं. पहिल्या डावात हिरवा कोपऱ्यात उभा राहून मार खात राहिला. दुसऱ्यातही तेच. धाकटीने जॉयस्टिक खाली ठेवली.

"ताई, तू मुद्दाम हरतेस. तेव्हापासून हरतेयस. मला एका डोळ्याने पण दिसतं."

"अगं, तुझा डोळा मी..."

"डोळा गेला तो गेला. त्याच दिवशी माझी भांडणारी बहीणही गेली. ती दे परत."

थोरलीने बाहीने तोंड पुसून जॉयस्टिक आवळली आणि तांबड्याला भिंतीशी गाठून ठेचला, पुन्हा ठेचला. दयामाया नाही. धाकटीने तिला सणसणीत लाथ घातली. थोरलीने दोन परत केल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण जो तुमच्याशी लढायला बसलाय त्याची कीव करू नका. धाकटी त्या दुपारी सतरा वेळा मेली, आणि इतकं खुशीत मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.