केया फार्मात आहे

माझा मुलगा शैलेंद्र आपल्या मुलीबद्दल एकच वाक्य बोलतो. "केया फार्मात आहे." अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात हे वाक्य खपतं, कारण इथं अर्धं गाव कॉम्प्युटरात आणि उरलेलं औषधांच्या कंपन्यांत. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगी पांढरा कोट घालून नवीन औषध शोधतेय. पोरगी औषधाच्या दुकानात टेक्निशियन आहे. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं, हे शिकली, परीक्षा पास झाली, आता गोळ्या बाटल्यांत भरते, लोकांना लस टोचते. यात लपवायचं काय, ते मला चौथी शिकलेलीला कळत नाही. शिकलेल्यांना विचारलं तर ते विषय बदलतात.

मिशिगनमधल्या नोव्हायहून आम्ही गेल्याच वर्षी इथं आलो. केया मैत्रिणींबरोबर वेगळी राहते, म्हणून इथल्या मराठी लोकांनी तिला कधी पाहिलेलं नाही. शैलेंद्रला ते बरंच.

थंडीआधी फ्लूची लस घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटलं, घेईन तर केयाच्या दुकानात. केया फोनवर हसली. "आजी, पण तुला मी नाही देणार हां. घरच्यांना आपण द्यायचं नाही, आमच्या स्टोअरचा रूल आहे. डॅरेल देईल." डॅरेल तिथला फार्मसिस्ट, तिचा वरचा. दुसऱ्या कुणाला ती टोचते तेव्हाही आधी त्यानं माहिती तपासून हो म्हणायचं आणि जवळच थांबायचं. नियम मोडला तर नोकरी गेली, इतकं सरळ. मी म्हटलं, मला कोणी का टोचेना, मला तुला कामावर बघायचंय.

शैलेंद्रनं आधी ट्रॅफिक सांगितला, मग मीटिंग, मग त्या दुकानात म्हणे पार्किंग नसतं. शेवटी नेलं.

केया काउंटरमागं उभी होती. निळा अंगरखा, केस घट्ट बांधलेले, छातीवर नावाची पट्टी. मला बघून तिचं तोंड फुललं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अय्या, काकू, तुम्ही पण फ्लू शॉटलाच का?"

शोभा. शैलेंद्रचा साहेब विनय, त्याची बायको. आता शैलेंद्रनं काय करावं? पोरीकडे बघून बारीक मान हलवली, दारातलं कुत्रं हाकलतात तशी. पोरीचं फुललेलं तोंड मिटलं.

"हाय, मॅम," ती मला म्हणाली. "डेट ऑफ बर्थ?"

माझी नात मला मॅम म्हणाली. न्हाऊमाखू घातलेली नात.

शोभा पट्टी वाचत होती. "केया? शैलेंद्र, तुमच्या मुलीचं नाव पण केयाच ना?"

"हो, हो. कॉमन झालंय हल्ली."

"ती रिसर्चमध्ये ना?"

"फार्मात," तो शांपूच्या बाटल्यांकडे बघत म्हणाला.

मग शोभा माझ्या कानाशी लागली. "काकू, या मुली नुसत्या टेक्निशियन असतात हां. चार दिवसांचा कोर्स करायचा की झालं. मी तर सरळ सांगते, मला फार्मसिस्टच पाहिजे. तुम्ही पण सांगा."

केयाला मराठी सगळं समजतं. तिचे कान लाल झाले. बापाचे झाले नाहीत.

डॅरेल आला. पांढऱ्या दाढीचा, सावकाश बोलणारा माणूस. कॉम्प्युटरवर माझं नाव बघितलं, केयाकडे बघितलं. आडनाव एकच. "यू फॅमिली?" त्यानं सहज विचारलं.

केयानं बापाकडे बघितलं. खरं बोलली तर शोभेसमोर बाप खोटा पडतो. खोटं बोलून मला टोचलं तर तिची नोकरी त्या सुईच्या टोकावर.

"नो, नो," शैलेंद्रच म्हणाला. "नो रिलेशन."

मला शिसारी आली.  याचा बाप गिरणीतल्या पिठानं पांढराफटक होऊन याच्या कॉलेजात डबा पोचवायचा. तेव्हाही हा पोरांना 'आमचा गिरणीवाला' असंच सांगत असेल, असं मला त्या लशीच्या खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्यांदा वाटलं.

डॅरेलनं मान डोलावली, केयालाच टोचायला सांगितलं आणि बाजूला उभा राहिला. केयानं माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला.  बापाची लाज झाकायला पोरगी आपलं पोट पणाला लावत होती, आणि बाप शांपू वाचत होता.

मी तिचं मनगट धरलं. "शी माय ग्रँडडॉटर," मी डॅरेलला म्हटलं. मग शैलेंद्रकडे बोट केलं. "हर फादर." माझं इंग्रजी एवढंच. तेवढं पुरलं.

"केया?" डॅरेल म्हणाला.

"येस. माय ग्रँडमदर. आय शुड हॅव सेड."

त्यानं सुई तिच्या हातातून घेतली. टोचायच्या आत कळलं ते बरं, पुढच्या वेळी आधी सांग, एवढंच तिला बोलला. मला त्यानं टोचलं. हात जड होता मेल्याचा, पण माणूस सरळ.

शोभा हसली. कुणाच्या घरची भांडी वाजताना ऐकलं की बायका हसतात तसं. "काय तुम्ही पण, शैलेंद्र." तिचा नंबर आला. डॅरेल म्हणाला, केया देईल, मी इथंच आहे. शोभेला एकदम काम आठवलं. "मी नंतर येते," म्हणत निघाली.

आणि माझा मुलगा तिच्यामागं धावला.

काचेतून दिसत होतं. तिच्या गाडीच्या खिडकीशी वाकून हसत होता, हात हलवून काही समजावत होता. केयानंही बघितलं. "आजी, हात हलवत राहा, नाहीतर उद्या दुखेल," म्हणाली आणि रांगेतल्या पुढच्या म्हाताऱ्याला बोलावलं. डॅरेल बाजूला उभा. पोरीनं टोचलं, हात जराही हलला नाही. म्हाताऱ्याला कळलंही नाही, तो आपल्या नातवाबद्दल बोलतच राहिला. मी बघायला आले होते ते बघितलं.

शैलेंद्र परत आला. "आई, काय गरज होती? आता ती घरी जाऊन विनयला सांगणार."

"काय सांगेल? तुझी पोरगी काम करून खाते म्हणून?"

"तुला इथलं कळत नाही."

"तू तिला बाहेर काय सांगितलंस?"

त्यानं खिशातली गाडीची किल्ली चाचपली. मग म्हणाला, "म्हटलं, केयाचं हे टेंपररी आहे."

मला त्याच्या गाडीत बसवेना. म्हटलं, "मी आज केयाकडे जाते."

"तिथं तीन पोरी राहतात. जागा कुठंय?"

"तू कधी बघितलीस?"

बघितली नव्हती. आजवर खाली गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, पोरगी उतरून यायची, डबा घेऊन वर जायची.

"संध्याकाळी माझ्या बीपीच्या गोळ्या आण," मी म्हटलं. "जिना चढून वर ये आणि दार वाजव. हॉर्न वाजवलास तर कुणी खाली येणार नाही."

त्यानं केयाकडे बघितलं. ती पुढच्या बाईची जन्मतारीख विचारत होती. तिनं मान वर केली नाही.