तुतीचं भरड

निसोने डब्यातलं तुतीचं पीठ चिमटीत चोळून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे असलं भरड कोण खातंय घरात?"

मव्जूदा चहा ओतता ओतता थबकली. वाळवलेली तुती पाणचक्कीवरून दळून आली, की ती चाळायला बसायची. मऊसूत पीठ लेकीच्या डब्यात. चाळणीत उरलेलं सालीचं, बियांचं भरड सासूच्या. अख्खा हिवाळा हेच चाललं होतं. म्हातारीला काय कळतंय, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आणि आता ही नणंद खोरोग शहरातून आलेली, त्यात अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला! आज काही आपली धडगत नाही.

"आईंना देते मी," ती कशीबशी बोलली.

"शाब्बास वहिनी! अहो, सत्त्व सगळं सालीतच. लोक नेमकं तेच चाळून बकरीपुढे टाकतात. हेच अजून बारीक दळलंत तर जास्त अंगी लागेल. फक्त दळताना तापू द्यायचं नाही, नाहीतर गेलं मुसळ केरात." निसो आईकडे वळली. "तरीच गालांवर रंग चढलाय. नशीब काढलंस हं आई, अशी सून मिळायला!"

म्हातारी बख्तबेगीम नुसतीच हसली. मव्जूदाही हसली. सुटले बाई, असं तिला वाटलं खरं, पण ते कौतुक काही केल्या गोड लागेना.

निसो शेजारी भेटायला गेली. मव्जूदाने सासूच्या वाडग्यात भरड घातलं, आज जरा जास्तच, आणि वर कोमट दूध ओतलं. म्हातारीने वाडगा हातात घेतलाच नाही.

"सत्त्व गेलं खड्ड्यात," ती हळूच म्हणाली. "मला ते पोरीचं मऊ दे ना गं थोडं. दात कुठे राहिलेत मला? रोज हिरड्या सोलून निघतात."

मव्जूदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालंच, "मग बोलायचं ना आई! मागितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं?"

"घरच्या घरात मागायचं होय गं?" म्हातारीने वाडगा बाजूला सरकवला. "आज निसोला सांगणारच होते. पण तुझं तोंड एवढंसं झालेलं बघितलं, आणि गप्प बसले."