काचेच्या कोपऱ्यातलं कुंकू

गारखेड्यातल्या त्या गाड्यांच्या काचांच्या दुकानात फिरती खुर्ची एकच, आणि लग्न होऊन आल्यापासून तिच्यावर रत्नमालाच बसत आलेली. नवरा सोमनाथ आणि दीर सुदर्शन काचा बसवायचे. ती बिलं करायची, विमा कंपनीला फोटो पाठवायची आणि नव्या काचेला पहिलं कुंकू लावायची. हा मान तिचाच. गाडी सुरू करण्याआधी गिऱ्हाईक हात जोडायचं, ते गाडीला की आपल्याला, हे तिनं कधी फार खोलात जाऊन बघितलं नव्हतं.

मग धाकटी जाऊ आली. अपेक्षा, फुलंब्रीची, बी.कॉम. खुर्ची कुणी हिसकावली असं नाही. रत्नमाला चहा टाकायला उठली आणि परत येऊन बघते तर खुर्ची भरलेली. उंचीसुद्धा वाढवून घेतलेली.

आणि मग आक्रीतच घडायला लागलं. रत्नमालानं पाठवलेले क्लेम पहिल्यापासूनच 'फोटो अस्पष्ट' म्हणून परत यायचे, महिना महिना लोंबकळायचे. अपेक्षानं पाठवले की बसल्या जागी मंजूर.

"पोरगी लई हुशार हाय," सोमनाथ जेवताना म्हणायचा. रत्नमाला त्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकायची.

"मोबाईल भारीतला हाय तिचा. फोटो चांगले येणारच."

"तुझाबी तोच हाय की. संगंच घेतले दोन्ही."

सगळ्यात जास्त खुपायचं ते वेगळंच. काच बसली, रत्नमाला करंडा घेऊन पुढं झाली, की अपेक्षा सिग्नलवरच्या हवालदारासारखा हात आडवा धरायची. "थांबा ताई, जरा. हं, आता लावा." म्हणजे मान आपला आणि परवानगी हिची.

भाच्याच्या बारशाला अपेक्षा माहेरी गेली, तेव्हा रत्नमालानं पहिलं काम काय केलं, तर खुर्ची खाली घेतली. मग देवाच्या फोटोकडं बघून मनात म्हणाली, एक क्लेम पटकन मंजूर होऊ दे. यांच्या तोंडून एकदा माझं नाव निघू दे, बास.

पाचोडचे खंडेराव जीप घेऊन आले. ट्रकच्या चाकाखालून खडा उडून समोरची काच तडकलेली. पैसे विमा कंपनी परस्पर दुकानाला देणार होती, त्यामुळं मंजुरी आल्याशिवाय जीप हलणार नव्हती.

"पोरीला, दीपमालाला बघायला पाव्हणे यायलेत सांजच्याला," खंडेराव म्हणाले. "तेवढं टायमात सोडा बाई."

"अपेक्षाला फोन लावू का?" सोमनाथनं विचारलं.

"कशाला? ती काय फुलंब्रीहून कुंकू लावणार हाय?"

काच बसली. रत्नमालानं अंगठा बुडवून खालच्या कोपऱ्यात ठसठशीत कुंकू लावलं, शेजारी हळदीचा टिपका दिला. कुणी थांबवायला नव्हतं. मग फोटो काढला. जीप नवरीसारखी दिसत होती.

फोटो परत आला. दुसरा पाठवला, तोही आला. खंडेरावांनी घड्याळाकडं बघायचं सोडून आता तिच्याकडं बघायला सुरुवात केली. सोमनाथचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला, तशी ती आत गेली आणि तिनं विमा कंपनीतल्या अभयला फोन लावला.

"कुंकूवाल्या मॅडम का?" तो हसला. "अहो, काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का असतो, तोच वाचायचा असतो आम्हाला. त्याच्यावर नेमकं तुमचं कुंकवाचं बोट. मी मागंच सांगणार होतो, पण अपेक्षा मॅडम नको म्हणाल्या. ताईंना वाईट वाटेल, मीच आधी फोटो काढत जाईन, म्हणाल्या."

रत्नमालानं फोन ठेवला. इतकी वर्षं आपल्याच अंगठ्यानं आपले क्लेम पाडले, हे एक वेळ गिळता आलं असतं. पण हिला ठाऊक होतं. शेजारी बसून जेवली, कौतुक होताना मान खाली घातली, आणि चकार शब्द काढला नाही. हुशारीवर जळता येतं, जळून बरंही वाटतं. पण हे? निदान चांगुलपणा तरी थोरलीकडं ठेवायचा.

तिनं पदराच्या टोकानं शिक्क्यावरचं कुंकू पुसलं, नवा फोटो पाठवला. मंजुरी आली. खंडेराव हात जोडून निघाले, आणि या वेळी ते तिलाच जोडलेले होते.

"जमलं की गं," सोमनाथ म्हणाला. "कसं काय?"

इतके दिवस ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं. नुसतं गप्प राहिलं तरी पुरलं असतं.

"अपेक्षाला इचारलं," ती म्हणाली. "तिनं सांगितलं फोनवर."

अपेक्षा परतली तेव्हा सोमनाथ दारातच म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून खंडेरावांची जीप टायमात गेली बघ."

अपेक्षानं जावेकडं पाहिलं. "मी? मी कुठं..."

"बस," रत्नमाला म्हणाली. "खुर्ची तुझ्या उंचीला करून ठेवलीय."

करंडा घेऊन ती बाहेरच्या गाडीकडं गेली. कुंकू तिनं वर, पार आरशाच्या मागं लावलं.

"काढ आता फोटो," ती न वळता म्हणाली.

मागून फोटोचा आवाज यायला बराच वेळ लागला. रत्नमालाला बरं वाटलं. थोडं तिलाही जळू दे की.