मिसेस टॉफ्टींच्या त्वचेचा तुकडा

त्वचेचा तुकडा गोठवताना उभा ठेवावा, आडवा ठेवू नये. हा नियम मी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली एव्हलेथच्या तंत्रनिकेतनात शिकलो आणि पुढे डुलूथच्या आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सव्वीस जणांना शिकवला. तुकडा उभा असला की कापात सगळे थर एकाखाली एक दिसतात. सर्वांत वर मेलेल्या पेशींचे कोरडे पापुद्रे, त्याखाली जिवंत पेशींची बाह्यत्वचा आणि तीत विखुरलेल्या पहारेकरी पेशी. मग बाह्यत्वचेला खालच्या अंतस्त्वचेशी चिकटवून ठेवणारे अतिपातळ पटल. आणि त्याखाली तंतू, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी. तुकडा आडवा पडला, तर पटल कुठे आहे हेच कळत नाही.

काही माणसांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था नेमके या पटलालाच परके समजते. प्रतिपिंडे त्यावर जाऊन बसतात, चिकटण सुटते, आणि अंगावर ताठ, पाण्याने भरलेले फोड येतात. अशा प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडला, तर काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली एक हिरवी रेघ दिसते. ती रेघ शोधण्याचे टेबल एकोणतीस वर्षांपूर्वी मी सुरू केले. जानेवारीत प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार होती. तिथे या टेबलावर एकच माणूस राहणार होता आणि दुसऱ्याला, तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवून कापतात त्या विभागात जावे लागणार होते. कोण कुठे, हे आमच्या प्रमुख डॉ. ऑस्टबी शुक्रवारी सांगणार होत्या.

दुसरी व्यक्ती म्हणजे नॅडीन बोव्हे. वय चौतीस. सप्टेंबरात रुजू झाली. तिचे काप माझ्यापेक्षा पातळ येत आणि त्यांना सुरकुती पडत नसे, हे मी मान्य करतो. परंतु मला लागले ते वेगळेच. डॉ. ऑस्टबींच्या सूक्ष्मदर्शकाला नेत्रिकांच्या दोन जोड्या आहेत. काही विशेष दिसले की त्या दारातून हाक मारीत, “रेनो, ये, बघ.” ऑक्टोबरपासून ती हाक “नॅडीन” अशी येऊ लागली. मी माझ्या जागी बसून त्या दोघींचे हसणे ऐकत असे आणि चिमटे उगीच पुन्हा पुन्हा पुसत असे.

डिसेंबरातल्या त्या आठवड्यात मंगळवारी, ग्रँड मरेहून तपासणीला आलेल्या एका बाईंचा तुकडा आमच्याकडे आला. रुग्ण मिसेस टॉफ्टी, वय एकाहत्तर. दोन्ही हातांवर आणि पोटावर फोड. नॅडीनने तुकडा गोठवला, कापला, रंगवला. दुपारी आतून डॉक्टरांचा आवाज आला.

“अगं, फोड तर पुस्तकात छापावेत असे आहेत. मग रेघ कुठं गेली?”

“पहिलेच काप आहेत, डॉक्टर. तुकडा जरा वळलेला होता. उद्या आणखी खोल कापते.”

“काप. घाई नको. बाई वाट बघतायत, पण चुकीचं उत्तर द्यायला नको.”

त्या दोघी गेल्यावर मी ती स्लाईड पाहिली. बाह्यत्वचेत चाळणीसारखी गोल गोल भोके होती. अंतस्त्वचेचे उंचवटे आडवे कापले गेले की अशी भोके दिसतात. मला काय वाटले ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही: मला आनंद झाला. तुकडा आडवा ठेवला गेला होता! जी चूक मी पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्यालाही करू देत नाही, ती डॉक्टरांच्या लाडक्या नॅडीनने केली होती. वळलेल्या तुकड्याचे पहिले काप असेच तिरके येतात, हे मला ठाऊक होते. एकोणतीस वर्षांत शेकडो वेळा पाहिले होते. त्या दिवशी मात्र ते मला आठवले नाही, किंवा मी आठवू दिले नाही.

“नॅडीन,” मी म्हणालो, “गोठवताना ठोकळ्यात तुकडा कसा ठेवलास?”

“उभा. का हो?”

“नाही, सहज विचारलं.”

“तुमचं सहज मला माहितेय, रेनो,” ती हसून म्हणाली. “म्हाताऱ्या बोक्यासारखं असतं. पाय न वाजवता येता आणि टपून बसता.”

बुधवारी सकाळी तिला दातांच्या डॉक्टरकडे जायचे होते. दहा वाजता ती गेली. आमच्याकडे एक अलिखित नियम आहे: दुसऱ्याच्या ठोकळ्याला हात लावायचा नाही. तो मोडणारा माणूस मी गेल्या चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. सव्वादहा वाजता मी क्रायोस्टॅटचे, म्हणजे गोठलेले ठोकळे कापण्याच्या थंड यंत्राचे, झाकण सरकवले आणि उणे वीस अंशांतून तिचा ठोकळा बाहेर काढला. माझा बेत सरळ होता. ठोकळा वितळवायचा, तुकडा आडवा आहे हे डोळ्यांनी पाहायचे, तो उभा करून पुन्हा गोठवायचा, उत्तम काप काढायचे आणि हिरवी रेघ घेऊन डॉक्टरांच्या दारात जायचे.

गोठवण्याचा चिकट द्रव बोटांच्या उबेने पातळ झाला. तुकडा क्षारद्रावणात सोडला आणि भिंगाखाली धरला. वरच्या कडेला निळ्या शाईचा बारीक ठिपका होता. बाह्यत्वचेची बाजू ओळखू यावी म्हणून नॅडीनने तो लावला होता. तुकडा अगदी बरोबर, उभाच ठेवलेला होता. दाढीच्या दोन पात्यांच्या जाडीइतके आणखी खोल कापले असते, तर रेघ मिळाली असती.

तरीही मी तिथे थांबलो नाही. निदान वळलेली कड सरळ करावी, म्हणजे काहीतरी माझे राहील, असे वाटून मी चिमट्याने ती धरली. ज्या त्वचेची चिकटणच रोगाने सोडवली आहे, ती चिमट्याने धरायची नसते. तापलेल्या दुधावरची साय बोटाला येते तशी बाह्यत्वचा अंतस्त्वचेवरून सरकली, चिमट्याला गुंडाळली आणि सोडवताना तिच्या चिंध्या झाल्या. खाली उरलेला पांढरा गाभा मी पुन्हा गोठवला आणि ठोकळा होता त्याच जागी ठेवून दिला.

साडेअकराला नॅडीन आली. तिचा अर्धा गाल सुन्न होता. काप काढले, रंगवले. मग तिने डॉक्टरांना बोलावले. मी दाराशी उभा राहिलो.

“बाह्यत्वचा कुठाय?” डॉ. ऑस्टबी म्हणाल्या. “आणि ही सगळी बर्फाची भोकं. हे वितळून परत गोठलंय.”

नॅडीन हळू म्हणाली, “क्रायोस्टॅट रात्री आपोआप बर्फ वितळवतो ना... काल जाताना ठोकळा फ्रीझरमध्ये हलवायचं राहिलं माझ्याकडून. माझीच चूक आहे, डॉक्टर. त्या बाईंना आता परत यावं लागणार.”

मला बोलण्याची आवश्यकताच नव्हती. सगळे माझ्या मनासारखे घडत होते. डॉ. ऑस्टबींनी मान वळवली आणि मला म्हणाल्या, “रेनो, नव्या इमारतीतलं टेबल तूच सांभाळ. मी दोन दिवस हाच विचार करत होते, आता ठरलं.” टेबल माझे झाले. तीन महिने ज्यासाठी जळत होतो, ते एका वाक्यात मिळाले.

मग त्या नॅडीनजवळ गेल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“अगं, रडतेस काय? मी शिकत होते तेव्हा एका माणसाचा कापून काढलेला अख्खा तीळ नळाखाली वाहून घालवलाय मी. चल, कॉफी घेऊ. गाल सुन्न आहे ना? मग वेलचीचा पाव मी खाते, तू बघत बस.”

नॅडीन रडता रडता हसली. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून चूक झाली नव्हती, आणि एकोणतीस वर्षांत त्या हाताने माझ्या खांद्याला स्पर्श केला नव्हता. आजची चूक मात्र माझी होती. त्या चुकीमुळे मिळालेली माया नॅडीनकडे गेली होती. हे मला सहन झाले नाही. माझ्या सदसद्विवेकाने मला बोलायला लावले असे सांगणे शोभून दिसले असते, परंतु ते खरे नाही.

“तिने काही केलेलं नाही,” मी म्हणालो. “ठोकळा मी वितळवला. बाह्यत्वचा माझ्या चिमट्याने फाटली.”

डॉ. ऑस्टबींनी नॅडीनच्या खांद्यावरचा हात काढून घेतला, पण मला काही तो मिळाला नाही.

“का?” त्यांनी विचारले.

“तुकडा आडवा ठेवलाय असं दाखवायचं होतं.”

“मग? होता का आडवा?”

“नाही. उभाच होता.”

नॅडीनने रुमालाने नाक पुसले. “काल विचारलंत तेव्हा सांगितलं होतं ना मी तुम्हाला? माझ्या शब्दावर विश्वास नव्हता तर माझ्यासमोर काढायचा होतात ठोकळा. दोघांनी बघितलं असतं.”

मी चिमटे उचलून पुसू लागलो.

शुक्रवारी निर्णय बदलून टेबल नॅडीनकडे गेल्याचे कागदावर आले. त्याआधी गुरुवारी मिसेस टॉफ्टी पुतण्याच्या ट्रकमधून, बर्फाच्या रस्त्याने एकशेदहा मैल पुन्हा आल्या. डॉ. ऑस्टबींनी मला तपासणीच्या खोलीत पाठवले आणि सांगितले, “तुकडा तू स्वतः घेऊन ये. आणि बाईंनी विचारलं, तर खरं सांग.”

त्यांनी विचारलेच. उंच, हाडकुळ्या बाई. दंडावर जुन्या फोडांचे करडे डाग.

“पहिल्याचं काय झालं?”

“माझ्या हातून वाया गेला, बाई.”

“पडला?”

“नाही. जिथं हात घालायला नको होता, तिथं घातला.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. “माझे मिस्टर असेच होते. चालू इंजिन उघडून बघायचे. हा घ्या दंड. या खेपेला तरी जपून न्या. रात्रभर खाजेनं डोळा लागत नाही माझा.”

तपासणीच्या खोलीतल्या डॉक्टरांनी फोडाशेजारची निरोगी दिसणारी त्वचा बधिर केली आणि गोल पात्याने चार मिलिमीटरचा तुकडा काढला. तो द्रवात पडला तसा किंचित गोल वळला. मी बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहिली आणि दोन्ही हातांत धरून जिना चढलो.

नॅडीन टेबलावर वाट पाहत होती. तिने हातमोजे घातले आणि तळवा पुढे केला. माझ्या डोळ्यांपुढे पुढचे सगळे काप येऊन गेले: तो कसा धरायचा, किती खोल जायचे, कितव्या कापात रेघ उजळेल. बाटली तिच्या हातावर ठेवली, पण बोटे सुटेनात.

“रेनो,” ती म्हणाली, “सोडा आता.”

मी बोटे उघडली.