मृदंगाजवळचा माइक

“तिथं नोका बसू, भाभी. मधात या,” म्हणत वाहेदनं खुर्ची ओढली आणि दोन लाकडी स्पीकरांच्या बरोबर समोर ठेवली. “दोन्हीकडचा आवाज इथंच येऊन मिळते.”

रुखमाबाई उठून त्या खुर्चीवर बसल्या. म्हणतील तिथं बसायचं, वाढतील ते खायचं, नवरा, मोतीराम, गेल्यापासून असंच चाललं होतं. दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला. काही वासना राहिली नव्हती माणसाची, असं म्हणत बाया रडल्या. रुखमाबाई नदीकडे बघत राहिल्या. सून सुचिता म्हणाली, “आई, रडून घ्या एकदा.” त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाजी करपून राह्यली म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाजवळ काढली नव्हती. मोतीरामचा चेहरा, चालणं, टोपी झटकून डोक्यावर ठेवायची रीत, सगळं आठवत होतं. आवाज आठवत नव्हता. मुळात माणूसच अबोल. कापसाच्या जिनिंगवर वॉचमन, घरात बोलणं म्हणजे ‘चहा’ आणि होकाराचा ‘हाव’. तोंड उघडायचं ते फक्त कीर्तनात, टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत, मृदंगाच्या बाजूला उभं राहून. कीर्तनाचं अर्धं बळ त्या रांगेत असतं. महाराज निवांत श्वास घेतात तो तिच्याच भरवशावर. पण तिच्यातल्या एकट्या माणसाचा आवाज कोण वेगळा ठेवतो?

वडनेरच्या सप्त्याचा मांडव आणि माइक वाहेदचे असायचे. जुनी कीर्तनं त्यानं कॅसेटवरून मोबाइलात उतरवून घेतली होती. तेरवीनंतर भेटायला आला तेव्हा त्यातलं एक त्यानं रुखमाबाईंना ऐकवलं. महाराज तेवढे ऐकू आले. मागे नुसती गजबज.

“फोनले दम नाही, भाभी,” तो तेव्हा म्हणाला होता. “माह्या मशीनवर ऐका. मृदंगाजवळ मी एक माइक लावत होतो. मोतीरामभाऊ त्याच्यात असनच.”

म्हणून त्या आज वाहेदच्या घरी आल्या होत्या. मशीन म्हणजे जुना अँप्लिफायर. खामगावच्या एका डॉक्टरांनी गाव सोडताना वाहेदला दिलेला. एकट्याला उचलवत नाही इतका जड. समोर पिवळ्या उजेडाच्या दोन काचा आणि त्यांत एकेक काटा.

“माह्या आधी आली ही या घरात,” वाहेदची बायको इमामबी चहा ठेवत म्हणाली. “मोठी सवत. हिले रोज फडक्यानं पुसते, मले कधी पुसलं नाही.”

“ही गरम झाली तं थंडबी होते,” वाहेद म्हणाला. “तुह्यं तसं हाये का?”

रुखमाबाई हसल्या. हसायचं असतं म्हणून.

त्यानं फोनला वायर जोडली आणि मोठं बटण हळूहळू फिरवलं. काटे उठले. आधी मांडव आला. कोणाचं तरी खोकणं, लेकरू रडणं, भांड्याचा आवाज. मग महाराज, अगदी समोर. मग मृदंगाची थाप खुर्चीतून पाठीत आली आणि तिच्यामागून सगळी रांग एकदम उभी राहिली.

“विठ्ठल, विठ्ठल…”

रुखमाबाईंनी डोळे मिटले. बारीक आवाज होता, फाटका होता, एक खर्जातला होता. यातला कोणता? कोणताही असेल. एकाही आवाजाला आतून काही उत्तर येईना. चहावर साय धरली.

महाराजांनी हात केला असावा. रांग थांबली, टाळ थांबले. आणि सगळे थांबल्यावर एक आवाज तेवढा पुढे गेला. थोडासाच. ‘विठ्ठल’मधला शेवटचा ‘ल’ न सोडता. मग तोही थांबला. पाठोपाठ वीणेकरी भगवानरावांचा दबका आवाज ऐकू आला, “गाडी सुटली बे मोतीराम. तू टेसनावरच.” टाळकरी हसले.

वाहेदनं वळून पाहिलं.

“हाव,” रुखमाबाई म्हणाल्या. “हेच.”

एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, सगळे थांबतात, तुम्ही काऊन मागं राह्यता? त्यानं आधी हातातली बिडी विझवली होती. मग म्हणाला होता, “सोडू वाटत नाही.” ते वाक्य आता त्यांना त्याच आवाजात आठवलं. रडू येईल म्हणून त्या थांबल्या. आलं नाही. हात मांडीवर होते तसेच राहिले.

पुढच्या प्रत्येक गजराला त्या रांग थांबायची वाट बघत होत्या. दर वेळी तो मागे राहिला.

इमामबीनं डोक्यावर पदर घेतला. “अजानची वेळ झाली, जी.”

“सुनेच्या फोनमंधी टाकून देऊ का, भाभी?” वाहेदनं विचारलं.

“नोका. फोनात ते ऐकू येत नाहीत.” त्या उठल्या. “मीच येईन.”

“कधीबी या. मशीन कुठं जाऊन राह्यली?”

गजर चालूच होता. त्या दारात जाऊन एक चप्पल घालत होत्या, तेव्हा वाहेदनं मशीनचं बटण बंद केलं. आवाज थांबला नाही. काचांतला पिवळा उजेड उतरत गेला आणि रांग गातच राहिली. बारीक होत, फाटत, दूर जात.

“बंद केलं ना?” त्यांनी विचारलं.

“केलं. जुनी मशीन हाये, भाभी. तिच्यात थोडं राह्यतेच.”

शेवटी उरला तो कोणाचा आवाज, ते कळलं नाही. रुखमाबाई चौकट धरून एका पायावर उभ्या राहिल्या. खोलीत काहीच ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यांनी दुसरी चप्पल घातली.