धोंडूची लाट

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीचं बांधकाम अडलं होतं, म्हणून काशीराम तांडेल अष्टमीलाही रेती घेऊन निघाला. अष्टमीच्या भरतीला पाणी कमीच असतं. दहिसर नदीच्या तोंडाशी त्याचा पडाव, म्हणजे रेतीची मोठी होडी, वाळूत रुतला आणि ओहोटी लागली. पाणी उतरलं की भरलेला पडाव कलणार, फळ्या उकलणार, हे मलाही कळत होतं. मी उगाचच सोबत आलो होतो. अंग चोरून बसलो.

काशीरामचा मेहुणा लवू इंजिनाचा वेग वाढवू लागला.

काशीरामने त्याला अडवलं, "बंद कर रे! पंखो वाळू उकरता नि आपण आणखी खाली जातंव."

समोरून रेती भरायला निघालेल्या धोंडूचा रिकामा पडाव आला. बंदरात पडाव बांधायच्या जागेवरून भांडण झाल्यापासून तो आणि काशीराम बोलत नव्हते. तरी रुतलेल्या पडावाजवळून हळू जायचं, या रीतीने धोंडूने वेग कमी केला.

काशीराम ओरडला, "धोंडू, जोरान जा रे! लाट येऊंदे!"

"आज बरां तोंड उघडलंस!" म्हणत धोंडूने वेग वाढवला. त्याच्या लाटेने आमचा पडाव हलला आणि पुन्हा बसला. धोंडू पुढे गेला. मला वाटलं, संपलं.

पण तो वळून परत आला, या वेळी इतक्या जवळून की त्याच्याच पडावाखाली वाळू घासल्याचा आवाज आला. लाटेने आम्हाला उचललं, लवूने इंजिन उलटं फिरवलं आणि पडाव सुटला.

बंदरात ती भांडणाची जागा रिकामी होती. लवू म्हणाला, "हयच बांध ना!"

काशीराम पडाव पुढे नेत म्हणाला, "उद्या धोंडू येतलो ना रे."